ब्रेक ऑइलची उघडी बाटली

शनिवारी सकाळी मनीषनगरातल्या आमच्या पार्किंगमध्ये तो, माझी मुलगी आणि मी असे तिघे होतो, आणि प्रश्न नऊशे रुपयांच्या ब्रेक ऑइलचा होता. तो आमचा शेजारी. शहराबाहेरच्या ट्रॅकवर गाडी पळवतो. गालात सुपारी, आणि कोणी घाबरले की उत्तरादाखल एखादा आकडा. "तीनशे डिग्रीपर्यंत उकळत नाही काका, काहून भेऊन राहिले?"

त्या दिवशी ट्रॅकवर मुलगी गाडीत त्याच्या शेजारी बसणार होती. आणि तो मागच्या पावसाळ्यात उघडलेली बाटली गाडीत ओतत होता. उघड्या तेलात ओल शिरते, मग ते लवकर उकळते आणि ऐन वळणावर ब्रेकचे पेडल थेट खाली जाते, गाडी थांबत नाही. हे त्यानेच मला कधीतरी सांगितले होते.

"महागाचं तेल फेकवत नाही ना, काका."

मी सदर बाजारातल्या दुकानातून सीलबंद बाटली आणली. त्याने सगळे तेल बदलले आणि पैसे पुढे केले.

"पैसे नको. पोरीला नेऊ नको."

"बाबा!" मुलगी गाडीतून ओरडली. ती हेल्मेट घालून बसलीही होती.

तो हसला. नऊशे रुपये त्याने माझ्या खिशात कोंबले आणि मुलीला घेऊन गाडी काढली.