नऊ मीटर

एकाहत्तरची लढाई संपल्यावर पुढच्या फेब्रुवारीत आमची फील्ड कंपनी पश्चिम सीमेवर होती. मी इंजिनिअर पलटणीतला जवान, सॅपर धकाते, वय सव्वीस, नागपूरच्या हातमागवाल्या घरातला. काम एकच होतं. लढाईआधी आपणच गव्हाच्या शेतांत पुरलेले सुरुंग काढायचे आणि शेतं गावकऱ्यांना परत द्यायची.

सकाळी सातला चहा, साडेसातला फॉल-इन, आठला पहिली पाळी जमिनीवर. सुरुंग प्लॅस्टिकचे, मुठीत मावतील एवढे. डिटेक्टरला ते कळत नसत. म्हणून पोटावर झोपायचं आणि सळई तिरकी धरून दर तीन बोटांवर माती टोचत पुढे सरकायचं. सळई कशाला लागली की थांबायचं, बाजूची माती बोटांनी काढायची, सुरुंग फुटू नये म्हणून सेफ्टी क्लिप बसवायची. मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत. वाटेची रुंदी एक मीटर. तासाला सहा मीटर झाले तर काम चांगलं. वीस मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण त्यापुढे लक्ष टिकत नाही.

माझं वीस मिनिटंही टिकत नव्हतं. बाराव्या मिनिटाला हात कापायला लागत. मी घड्याळ लावून पाहिलं होतं. बारा, कधी तेरा. सुभेदारसाहेबांच्या ते दोनदा लक्षात आलं होतं. तिसऱ्यांदा दिसलं तर स्टोअरवर पाठवीन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं. स्टोअरमध्ये लाज वाटण्यासारखं काही नाही. पण शेतावर आम्ही अठ्ठावीस जण होतो. एक कमी झाला की बाकीच्यांच्या पाळ्या वाढणार होत्या.

माझ्या शेजारच्या वाटेवर लान्स नाईक मेश्राम असे. तोही नागपूरचा. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी धम्म घेतला तेव्हा तो दहा वर्षांचा होता. वस्तीतल्या विहारात एका भंतेंनी त्याला श्वास पाहायला शिकवलं होतं. पाळीआधी दहा मिनिटं तो बांधावर मांडी घालून डोळे मिटून बसे. पोरं त्याची थट्टा करत. मीही केली.

"काहून गा मेश्राम, झोपून राहिला का?"

"झोपलो नाही. श्वास पाहून राहिलो."

"दिसते का मग?"

"नाकापाशी दिसते. पण तुले नाही दिसनार. तुयं ध्यान त्या घड्याळात हाये."

बाराव्या मिनिटाची गोष्ट त्यानेही हेरली होती. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. तो म्हणाला की, तू आकड्यांचा माणूस, तुला नुसतं जमणार नाही. दहापर्यंत श्वास मोज, मधेच मन कुठे गेलं तर रागावू नको, पुन्हा एकपासून धर. पहिल्या दिवशी मी चारच्या पुढे गेलो नाही. अकरा दिवस बसलो. पाळीआधीची नाडी वहीत लिहीत होतो. पहिल्या दिवशी एकशे चार, अकराव्या दिवशी अठ्ठ्याऐंशी. हात कापायचे थांबले नव्हते, पण आता पंधराव्या मिनिटाला कापत. सुभेदारसाहेबांनी मला शेतावरच ठेवलं. म्हणजे फरक त्यांनीही पाहिला होता.

बाराव्या दिवशी दहा वाजून दहा मिनिटांनी मेश्रामच्या वाटेवर स्फोट झाला. शेताच्या त्या कोपऱ्यात कालव्याचं पाणी शिरून गेलं होतं. एक सुरुंग सरकून सळई पोचते त्याच्याही खाली गेला होता. मेश्रामने टोचायचं ते सगळं टोचलं होतं. त्याच्या गुडघ्याचा भार पडला. तो माझ्या बाजूला, दोन वाटांच्या मधल्या न तपासलेल्या जमिनीत फेकला गेला.

बांधावर पाळीची वाट पाहणारे दोघं धावायला उठले. सुभेदारसाहेबांचा आवाज आला, "कोणी हलायचं नाही. धकाते, किती?"

"नऊ मीटर, साहेब."

"तू जातोस की माणूस बदलू?"

सर्वांत जवळ मी होतो. माणूस बदलण्यात सात-आठ मिनिटं गेली असती. "जातो, साहेब."

"दोन फुटांची वाट काढ. स्ट्रेचर निघेल एवढी."

मागे वायरलेसवर ते बोलत होते. "एक कॅज्युअल्टी. ॲम्ब्युलन्स रस्त्यापर्यंत आणा. डॉक्टर पाहिजे. ओव्हर."

अरुंद वाट धरूनही हिशेब चोपन्न मिनिटांचा होता. पहिल्या हातभर मातीत मी एक जागा सोडून पुढे टोचलं. ते माझ्या लक्षात आलं. मागे येऊन ती जागा टोचली. तेवढ्यात मेश्राम बोलला. शुद्धीत होता.

"धकाते, घाई करशील तं दोघंही इथंच राहू."

"तू बोलू नोको गा."

"एकपासून धर."

मी धरलं. श्वास आत, एक टोचा. श्वास बाहेर, एक टोचा. दहा झाले की पुन्हा एक. त्याच्याकडे पाहायचं नाही, तीन बोटं पुढची माती पाहायची. चौथ्या मीटरला एक सुरुंग मिळाला, सातव्याला दुसरा. मधे सुभेदारसाहेबांनी हाक दिली, "वीस झाली. बदलू?" मी नको म्हटलं. माझे हात मी पाहत होतो. ते कापत नव्हते.

दहा अठ्ठावन्नला मी त्याच्यापर्यंत पोचलो. रक्त थांबवायला मांडीला दोरी आवळून बांधली. त्याचा रंग गेला होता. "बाबाले सांगजो, सकाळी बसलो होतो," एवढंच तो म्हणाला. चार जण स्ट्रेचर घेऊन माझ्या वाटेने आले आणि गेले. सव्वाबाराला ॲम्ब्युलन्समध्येच मेश्रामने प्राण सोडला.

श्वास पाहिल्याने मेश्राम वाचला नाही. हे मी कोणापासून लपवत नाही. पण त्या दोन सुरुंगांच्या वाटेवरून चार माणसं आणि मी सुखरूप परत आलो, हेही तितकंच खरं आहे.

पेन्शनवर आल्यावर मी नागपुरात सदर भागात नोकरी धरली. रोज सकाळी वीस मिनिटं बसतो. वस्तीतले पाच-सहा जण आता सोबत बसतात आणि फायदा काय ते विचारतात. मी फक्त माझं सांगू शकतो. रक्तदाब वाढला होता, तो आटोक्यात आहे; डॉक्टरांची गोळी मी सोडलेली नाही, कोणी सोडूही नये. पूर्वी झोप तीन-चारदा मोडे, आता एखाद्या वेळी मोडते. दिवाळीत फटाका वाजला की मी जमिनीवर पडत असे. आता दचकतो, पण उभा राहतो. बायको म्हणते, तुमचा राग कमी झाला. ते मोजता येत नाही, म्हणून तिच्या शब्दावर लिहितो. ज्या दिवशी बसावंसं वाटत नाही, त्या दिवशीही बसतो.

मेश्रामच्या बाबांना मी त्याच वर्षी सुट्टीवर आल्याबरोबर भेटलो आणि निरोप सांगितला. त्यांनी दोनदा विचारून घेतला.

शेत परत देण्याची आमची एक रीत होती. साफ झालेल्या शेतातून सगळ्या प्लॅटूनने खांद्याला खांदा लावून, एका ओळीत, या बांधापासून त्या बांधापर्यंत चालायचं. गावकरी समोर उभे राहून पाहतात. आम्ही चाललो, की मगच ते नांगर घालतात. एका माणसाला एक पट्टा. स्फोटानंतर एकोणीस दिवसांनी ते शेत पूर्ण झालं. पट्टे अठ्ठावीस होते, माणसं सत्तावीस. सुभेदारसाहेब स्टोअरवरून एक माणूस बोलवणार होते.

"मी दोनदा जातो, साहेब," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

आधी ओळीत माझा पट्टा चाललो. मग कडेने परत येऊन मेश्रामच्या पट्ट्याच्या तोंडाशी उभा राहिलो. बाकीचे पलीकडच्या बांधावर सावधान उभे होते. शेत एकशे दहा मीटर लांब होतं. कालव्याकडच्या कोपऱ्यात माती अजून ओली होती. मी पावलं मोजली नाहीत. प्रत्येक पाऊल पूर्ण टेकवून, भार देऊन, मग पुढचं उचललं.