अभ्यासाची गोळी

आमची आई पडद्यांच्या दुकानात विक्रीला उभी असते. उन्हाने विटलेला तागा तिच्या हातात आला की तो 'मवाळ रंगाचा' होतो. विणीत गाठी दिसल्या की तो 'हातमागाचा पोत'. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. दुकानात हे चालतं. पण बाई ही कला घरीही घेऊन येते, आणि तिथे माझं डोकं फिरतं.

बाबांची नोकरी गेली तेव्हा 'ते सध्या घरून बघतायत' असं ती सगळ्यांना सांगायची. काय बघतायत, ते कुणी विचारलं नाही हे नशीब, कारण खरं उत्तर टीव्ही असं होतं. माझं ठरलेलं लग्न मोडलं, तर 'आम्हीच जरा थांबलोय'. मग भेटेल तो मलाच विचारायचा, किती थांबणार अजून?

धाकट्या भावाचं मात्र साधं नव्हतं. हा पोरगा लहानपणापासून एका जागी टिकायचा नाही. गणित सोडवता सोडवता उठून खिडकीचा स्क्रू पिळत बसायचा. शिक्षकांनी हात टेकले, बाबांनी हात उचलला, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या करून सांगितलं, एडीएचडी आहे. हा आळस नाही, हट्ट नाही, आजार आहे आणि त्यावर औषध आहे. त्यांनी त्याच्या हृदयाचा आलेख काढला, घरात कुणाला हृदयाचा त्रास आहे का ते खोदून खोदून विचारलं आणि मगच गोळी लिहून दिली.

परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "कुणी विचारलं तर अभ्यासाची गोळी म्हणायचं."

"अगं, आजाराला आजार म्हणायला काय होतं?"

"तुला काय जातंय बोलायला? लोक वेडा म्हणतील त्याला."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात अभ्यासाची गोळी नांदू लागली. धाकटा बसू लागला, पास होऊ लागला, कॉलेजात गेला. रोज सकाळी आई कपाटातून गोळी काढून त्याच्या हातावर ठेवायची आणि दुपारी दुकानात कौतुक सांगायची. मी चिडले की म्हणायची, "गुण आला ना? मग नावात काय अडलंय तुझं?"

वरच्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा धाकट्याच्याच वर्गात. शहाणा, जाड चष्म्याचा, जिन्यात भेटला की पुस्तक छातीशी धरून बाजूला होणारा. त्याला कसलीच गोळी नको होती. त्याला हवी होती ती झोप, आणि काकूंच्या तोंडून 'पुरे आता' एवढे दोन शब्द. पण परीक्षा तोंडावर आली आणि काकू आमच्याकडे आल्या. "तुमच्याकडची ती अभ्यासाची गोळी द्या ना थोडी. याचा धीर सुटलाय हो."

आईने दिली. विरजण द्यावं तशी दिली. नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. कळलं ते इस्पितळात. तो मुलगा परीक्षेच्या हॉलमध्ये घामाघूम होऊन बाकावरच कोसळला होता. काकूंना तिकडून फोन आला, त्यांनी आम्हाला हाक मारली आणि आम्ही तिघी धावलो. काचेच्या दारापलीकडे तो पडला होता, छातीला वायरी लावलेल्या. त्याचे ठोके कशाने आवरत नव्हते.

तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "त्याने काय घेतलं होतं? लवकर सांगा, त्यावर पुढचं औषध ठरेल."

"काही नाही हो," काकू रडत म्हणाल्या, "नुसती अभ्यासाची गोळी. आणि जागायला कॉफी."

"अशी कुठली गोळी नसते. नाव सांगा."

काकूंनी आईकडे पाहिलं. आईने पदर सारखा केला. "साधीच असते... ताकदीची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आत एका पोराचा जीव टांगणीला लागलाय आणि ही बाई इथेही पडदा विकतेय! "आई, तू सांगतेस की मी सांगू?"

तिने पर्स उघडली. रिकामं पाकीट तिच्याजवळच होतं, कुणाला दिसू नये म्हणून कपाटातून उचललेलं. ते पुढे करत ती म्हणाली, "माझ्या मुलाची आहे. त्याला एडीएचडी आहे." डॉक्टरीणबाई ते घेऊन आत धावल्या.

पोरगा वाचला. जन्मापासूनच त्याच्या हृदयात थोडा दोष होता, हे काकूंनी तेव्हा सांगितलं. त्यांनीही ते आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. पेपरचं म्हणाल, तर त्याने सगळी उत्तरपत्रिका पहिल्याच प्रश्नाच्या उत्तराने भरली होती, अगदी सुवाच्य अक्षरात. बाकीच्या प्रश्नांपर्यंत तो पोचलाच नव्हता.

धाकटा घरी आला तो पाय आपटत. गोळ्या वाटल्यामुळे त्याच्या संपल्या होत्या, तारखेआधी नव्या मिळत नाहीत, आणि 'तू आता मोठा झालास, एवढ्याने काही होत नाही' असं सांगून आईने त्याला तसाच पेपरला पाठवला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हणजे ज्याला नको होती त्याला दिलीस, आणि मला ठेवली नाहीस. माझी इतकी लाज वाटते तुला?"

आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं. तो जेवला नाही. तीही जेवली नाही.

मध्यंतरी मी तिला घ्यायला दुकानात गेले होते. एक बाई पडद्याचं कापड चाचपता चाचपता हळूच म्हणाली, "अहो, तुमच्या मुलाची ती अभ्यासाची गोळी... माझ्या मुलीची परीक्षा आहे."

आईने कापड मोजायचा गज खाली ठेवला. "अभ्यासाची नाही ती. माझ्या मुलाला आजार आहे, त्याचं औषध आहे. ते घेऊन आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा मरता मरता वाचला." हे ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"अगंबाई!" ती बाई हळहळली. मग पर्समधून मोबाइल काढून म्हणाली, "पण नाव काय म्हणालात त्या औषधाचं?"

जन्मभर प्रत्येक गोष्टीला नाव पुरवणारी माझी आई पुढे झाली.

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि त्या बाईच्या हातातलं कापड ओढून घेऊन घडी घालू लागली.