तेवीस किलोंतलं बाळंतपण

सोमवारच्या पोथीला बसणाऱ्या आम्ही सात-आठ जणी. लातुरात क्लासेस वाढले, पोरं शिकली, विमानानं लांब गेली. आणि पोथीनंतर प्रसादासोबत बॅगांचे किस्सेही वाटले जाऊ लागले. देवाच्या कृपेनं दोन्ही कधी कमी पडले नाहीत!

*

बॅग घरी तोलायची कशी? आमची गल्ली सरळ मुनीरभाईंच्या गिरणीत जाते. दळणाच्या काट्यावर बॅग चढली की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "भाभी, बारीक दळू का भरड?"

*

मुखेडच्या वत्सलाकाकू लेकाकडं बेंगळुरूला निघाल्या. काउंटरवर वजन चार किलो जास्त! पैसे भरा म्हटल्यावर काकू उखडल्या, "आमच्या एस.टी.त पोतं टाकलं तरी कुणी विचारत न्हाई!" मग बॅग उघडून दोन सोलापुरी चादरी अंगाभोवती गुंडाळल्या. वरून लेकाचं स्वेटर. भर मे महिन्यात!

विमानातल्या पोरीनं काळजीनं विचारलं, "आंटी, थंडी वाजतेय?"

काकू घाम पुसत म्हणाल्या, "हाव, लई!"

*

ते ऐकून शेजारच्या मुमताजआपांनी मशीन काढली आणि माझ्या परकराला आतून आठ खिसे शिवले. मेतकूट, हळद, सुंठ, सगळ्याची सोय.

"आपा, पाप तर नाही ना लागणार?"

"वजन बॅगेचं करतात वहिनी, बाईचं न्हाई!"

*

खिसे हवेच होते, कारण मी निघाले होते जर्मनीला, रोहिणीच्या बाळंतपणाला.

भूकंपाच्या साली रोहिणी पत्र्याच्या शेडमध्ये जन्मली. तेव्हा मला डिंकाचा एक लाडू मिळाला नव्हता. 'लेकीला कमी पडू देणार नाही,' असं देवापुढं बोलून ठेवलेलं. पाच किलो लाडू बांधले. गिरणीत बॅग बरोबर तेवीस, विमानात चालते तेवढीच!

पण निघताना सहा जणींनी ओटी भरली. सहा नारळ, वर तांदूळ. ओटीला नाही कसं म्हणायचं? सगळं बॅगेत.

हैदराबादला काटा म्हणाला, अठ्ठावीस.

"आंटी, पाच किलो कमी करा," काउंटरवरची पोरगी म्हणाली.

"लाडू काढ," बाहेर थांबलेले आमचे हे फोनवरून म्हणाले.

"एकसुद्धा नाही!" मी डब्यावरचा हात काढला नाही. ओटी तरी कशी टाकून देऊ?

मग पोरीकडं नीट बघितलं. गळ्यात काळी पोत, सातवा महिना असावा. मी पर्समधून कुंकवाची डबी काढली.

"बाळा, अशी पुढं ये. पदर धर."

युनिफॉर्मला कुठला पदर! मग तिनं गळ्यातला स्कार्फ सोडला आणि दोन्ही हातांत पसरला. मी कुंकू लावलं, ओंजळी-ओंजळीनं तांदूळ घातले. स्कार्फात नारळ मात्र तीनच मावले.

काटा म्हणाला, चोवीस.

तेवढ्यात शेजारच्या काउंटरची पोरगी आपली रांग सोडून आली. स्कार्फ तिनं आधीच सोडला होता.