भोपळ्याच्या बिया

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भोपळ्याच्या बिया सोलणं.

आर. के. पुरमच्या आमच्या सरकारी क्वार्टरला मागं हातभर बाल्कनी आहे. थंडीत तिथं अकराच्या सुमाराला ऊन येतं आणि तासाभरात समोरच्या ब्लॉकमागं जातं. तेवढ्यात उन्हातली कामं उरकायची, असा हिचा नियम. त्या दिवशी ती खाली वर्तमानपत्र अंथरून बसली, मी स्टुलावर. तिच्या हातात नेलकटर, माझ्या हातात पक्कड. वाळलेली बी कडेनं अलगद चेपली की टरफल उकलतं आणि आत हिरवा गर दिसतो. ती तो अख्खा काढायची. माझ्या पकडीनं निम्म्या बियांचा भुगा होत होता.

"सगळा जन्म भटारखान्यात गेला, आणि एक बी सोलता येईना," ती म्हणाली.

"फौजेत बिया सोलून कोण खातंय?"

"म्हणून तर आपल्याला एवढा वेळ लागला," असं म्हणून ती पदर तोंडाला लावून हसली.

ती का हसली ते पुढं सांगतो.

बिया बाजारातल्या भाजीवाल्याकडून यायच्या. इकडं लाल भोपळा कापून फोडी विकतात आणि आतलं सगळं पोत्यात फेकतात. ही रोज जाऊन म्हणायची, "भैया, बीज मत फेंको, मेरे लिए रखो." त्याला वाटायचं, म्हातारीनं शेत घेतलंय कुठंतरी. घरी आणून धुवायच्या, राखेत चोळायला राख नाही म्हणून जुन्या फडक्यात चोळायच्या, चार दिवस वाळवायच्या, मग सोलायच्या.

हे सगळं आमच्या पोरासाठी. पोरगा छत्तीस वर्षांचा, सरकारी ऑफिसात कारकून, त्याच्याच नावावर हे क्वार्टर. लग्नाला सहा वर्षं झाली, पाळणा हलला नाही. सूनबाई दिल्लीत वाढलेली मराठी मुलगी, बँकेत नोकरी करते. पहिली चार वर्षं तपासण्या झाल्या त्या तिच्याच. सुया, गोळ्या, सोनोग्राफी, काय काय. तिच्यात काही निघालं नाही. मग डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासायला सांगितलं, आणि निघालं ते असं की बी कमी आहे आणि जे आहे त्याला जोर नाही. मी स्पष्टच लिहितो. लाजायचं वय गेलं माझं.

हा रिपोर्ट आम्हा चौघांतच राहिला. बाहेर सगळ्यांना वाटायचं, सुनेतच खोट आहे. पोरगा कुणाला काही सांगत नव्हता आणि सून त्याच्याकडं बघून गप्प बसायची. माझी धाकटी बहीण दिल्ली कॅन्टोन्मेंटात राहते, तिचा मुलगा फौजेत आहे. ती आली की चहाच्या आधी विचारायची, "काय गं, यंदा तरी बारशाचं जेवण घालतेस का?" सून हसून आत चहा टाकायला जायची आणि चहाला नको तेवढा वेळ लावायची. पोरगा मोबाइलमध्ये तोंड घालून बसायचा.

डॉक्टरीणबाईंनी पोराला सांगितलं, सिगारेट बंद, गुटखा बंद. लॅपटॉप मांडीवर ठेवायचा नाही, कढत पाण्यात बसायचं नाही. झिंकच्या आणि आणखी कसल्या गोळ्या दिल्या. अक्रोड, बिया, पालेभाजी, फळं, अंडी खा म्हणाल्या. खोटं काही बोलल्या नाहीत बाई. म्हणाल्या, "गोळ्यांनी होईलच असं मी म्हणत नाही. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. पण शरीराला नवीन बी तयार करायला अडीच-तीन महिने लागतात. तेवढं नीट वागा, मग परत तपासू."

ते तीन महिने हिनं व्रतासारखे धरले. रोज संध्याकाळी वाटीत पाच अक्रोड भिजत घालायचे. डब्यात जवसाची चटणी द्यायची. सून विचारायची, "आई, जवस म्हणजे अलसी ना?" ही म्हणायची, "तू अलसी म्हण नाहीतर गंगाजल म्हण, त्याच्या पोटात गेल्याशी कारण." एकदा डिंकाचे लाडू केले तर पोरगा म्हणाला, "आई, हे बाळंतिणीचे लाडू आहेत." ही म्हणाली, "बाळंतीण व्हायची असेल घरात, तर आधी तूच खा." त्यावर सून खूप दिवसांनी मोठ्यानं हसली.

मधे मी एक घोळ केला तोही सांगतो. गुडगावच्या रस्त्याला तंबू टाकून दवाखाने लावतात, बाहेर बाटल्यांत मुळ्या आणि पहिलवानांचे फोटो. मी तिथून ताकदीच्या पाकाचा डबा आणला आणि पोराच्या हातात दिला. मला वाटलं, ताकद आणि बी एकच. पोरानं दोन महिने गुपचूप खाल्लं, दंड फुगले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कबूल केलं. बाई चिडल्या. म्हणाल्या, असल्या डब्यात काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं, काहींनी तर अंगात बी तयार व्हायचंच थांबतं. तीन महिने परत पहिल्यापासून मोजायची वेळ आली.

ही मला त्या दिवशी एवढंच म्हणाली, "जवानांना आमटी चाखल्याशिवाय वाढत नव्हतात. आणि पोराला न बघता दिलंत."

ते लागलं मला. कारण खरं होतं.

मी फौजेत लांगरी होतो, म्हणजे जवानांचा स्वयंपाकी. सातारा जिल्ह्यातला, सातवी नापास. फौज सुटल्यावर कोपर्निकस मार्गावरच्या एका सरकारी अतिथीगृहात साहेबलोकांचा स्वयंपाक केला. पण आता सांगतो ती गोष्ट त्याआधीची, आमच्यासारख्या नवी लग्नं झालेल्यांची बिऱ्हाडं कॅन्टोन्मेंटात होती तेव्हाची. आम्हालाही सात वर्षं मूल नव्हतं. सुट्टीला गावी गेलो की माझी आई हिला देवऋष्याकडं न्यायची, दोरे बांधायची, सोमवार करायला लावायची. बायका हिच्या हातची ओटी घेत नव्हत्या. वांझ म्हणायच्या, तोंडावर. मी ओसरीवर बसून ऐकत होतो.

शेवटी मिलिटरी हॉस्पिटलातल्या एका मेजर डॉक्टरनं मलाच तपासलं. त्यानं विचारलं, दिवसभर काय करतोस? म्हटलं, भट्टीपुढं उभा असतो साहेब. त्या भट्ट्या रॉकेलच्या, कमरेइतक्या उंच, पहाटे चारपासून पेटलेल्या. विड्या किती, लंगोट कसा बांधतोस, सगळं विचारलं. मग हिंदीत म्हणाला, "तू पूरी पलटन का खाना पकाता है, और साथ में अपना बीज भी पका रहा है." विडी सोड, लंगोट सैल कर, भट्टीपासून लांब राहा. त्याच्या चिठ्ठीवर मला सहा महिने रेशनच्या कोठारात बसवलं. सुभेदार म्हणाला, "लांगरी भट्टी से डरेगा तो रोटी क्या मेरी बीवी बनाएगी?" सगळ्यांनी ऐकलं, कुणाला कारण कळलं नाही.

कारण मी कुणाला सांगितलंच नाही. हिला सांगितलं तेव्हा माझी मान वर होत नव्हती. ती म्हणाली, "गावात काही बोलू नका. मला बोलून बोलून त्या दमतील. तुम्हाला कुणी एक शब्द बोललं तर तुम्ही गावाचं तोंड बघणार नाही." मी ऐकलं. सोपं होतं ऐकणं. तिनं मला कोठारातल्या मोजमापाच्या दिवसांत तीळ, शेंगदाणे, आवळा, दूध असं काय काय खाऊ घातलं. दीड वर्षानं पोरगा झाला. त्याचं श्रेय सोमवारांना गेलं. कशानं झाला ते मलाही ठाऊक नाही, पण माझ्या आईनं मरेपर्यंत हिला ऐकवलं, "देवाला दया आली म्हणून, नाहीतर तुझं काय होतं."

म्हणून त्या उन्हात बिया सोलताना ती हसली.

हसून झाल्यावर म्हणाली, "अहो, पोराला सांगा आता."

"काय?"

"आपलं. त्याला वाटतंय हे जगात त्याला एकट्यालाच झालंय. आणि तो गप्प आहे तोवर ती पोरगी माझ्यासारखी ऐकून घेणार. मी ऐकलं ते ऐकलं. तिनं का ऐकावं?"

"तू सांग की."

"मी सांगून काय उपयोग? माझं कुठं काय होतं? तुमच्या तोंडून यायला हवं."

मी दोन बिया फोडल्या, दोन्हींचा भुगा झाला. म्हटलं, "बरं. आज तो ऑफिसचं काम घेऊन बसलाय. उद्या रविवार आहे, निवांत असतो. उद्या सांगतो."

"उद्या नक्की."

"नक्की म्हटलं ना."

ऊन सरकलं. तिनं सोललेल्या बिया स्टीलच्या डबीत भरल्या. निम्म्या राहिल्या, त्या वर्तमानपत्रात तशाच गुंडाळल्या. छातीत जळजळतंय म्हणाली. मी म्हटलं, सकाळी दोनदा चहा घेतलास, सोडा घे. तिनं घेतला आणि पडली. पाऊण तासानं मी जेवायला उठवायला गेलो तर घामानं पदर ओला होता आणि ती मला ओळखत होती पण बोलत नव्हती. पोरानं गाडी काढली. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचरवर घेतली तोवर ती गेली होती. सोडा घे म्हणालो होतो मी. डॉक्टर म्हणाला, बाबा, तुम्हाला काय कळणार. पण मला वाटतं, कळायला हवं होतं.

अंधार पडायच्या आत सगळं उरकलं. स्मशानातून आल्यावर कडुलिंबाचा पाला तोंडात घातला, थुंकला, दारात पाय धुतले. बाकी मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण आली. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत म्हणून पिठलं-भाकरी घेऊन आली होती. तिचा मुलगा होता, शेजारचे दोघं-तिघं मराठी होते. बहीण वहिनीसाठी रडली, खरंच रडली, लहानपणापासून हिनंच तिची वेणी घातलेली. मग डोळे पुसून तिनं भाकरी वाढली आणि सुनेच्या ताटात ठेवताना म्हणाली, "नातवाचं तोंड न बघता गेली गं माझी वहिनी. तुझ्या पोटी एक असतं तर सुखानं डोळे मिटले असते तिनं."

सुनेनं भाकरी मोडली नाही. आणि पोरानं मोबाइल हातात घेतला.

मी म्हटलं, "बाई, ताट खाली ठेव आणि ऐक."

"काय रे दादा?"

"तुझी वहिनी वांझ नव्हती. सात वर्षं मूल नव्हतं ते माझ्यामुळं. मिलिटरीच्या डॉक्टरनं मला तपासून सांगितलेलं. मी कुणाला बोललो नाही. आईनं तिला दोरे बांधले, तुम्ही सगळ्यांनी बोल लावले, मी ओसरीवर बसून ऐकलं."

"दादा, तुझं डोकं ठिकाणावर नाही आज. झोप नाही झाली."

"झोप नाही झाली. डोकं आहे. भट्टीपुढं उभं राहून आणि विड्या फुंकून माझं बी गेलं होतं. सहा महिने कोठारात बसवलं होतं मला, विचार कुणालाही. हे काल सांगायचं होतं. मी उद्या म्हणालो."

शेजारचे उठून बाहेर गॅलरीत गेले. बहीण पदराशी चाळा करत बसली. तिच्या तोंडावर राग होता, माझ्यावरचा की कुणावरचा ते मला कळलं नाही. पुढचं मी बोलणार नव्हतो. पोराचं पोरानं बोलायचं असतं.

पोरानं मोबाइल उलटा करून जमिनीवर ठेवला. माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाला, "आत्या, रिपोर्ट माझा खराब आलाय. हिचे सगळे ठीक आहेत, पहिल्यापासून." मग म्हणाला, "आईला माहीत होतं."

सून उठून आत गेली. यावेळी चहा टाकायचा नव्हता, चूलच बंद होती. थोड्या वेळानं आतून तिचं रडणं ऐकू आलं आणि बहीण भाकरीचं फडकं तसंच टाकून तिच्याकडं गेली. आत काय बोलल्या ते मी ऐकलं नाही.

मी बाल्कनीत गेलो. वर्तमानपत्रातली पुडी कोपऱ्यात होती, वर नेलकटर ठेवलेलं, शेजारी बियांची डबी. पक्कड मी घेतली नाही. खाली बसलो, तिच्या जागेवर. अकरा वाजायचे होते, ऊन अजून आलं नव्हतं, फरशी गार होती.

पोरगा दारात येऊन उभा राहिला. "बाबा, सुतकात हे कशाला?"

"सुतक आपल्याला आहे. तुझे तीन महिने थांबत नाहीत."

तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि विचारलं, "किती दिवस लागले तुम्हाला?"

"डॉक्टरकडं गेल्यापासून दीड वर्ष."

"आणि नसतं झालं तर?"

"नसतं झालं तर नसतं. तुझी आई म्हणायची, मी आहे ना तुम्हाला."

मी डबीतल्या तिनं सोललेल्या बिया त्याच्या तळहातावर ओतल्या. तो एकेक करून खाऊ लागला. पहिली बी मी फोडली, तिचा भुगा झाला. दुसरीला नेलकटर कडेला लावून हळूच दाबलं.