पाणथळीला दिलेला शेरा

तिला सगळे बेडूकबाई म्हणत. कामच तसं होतं. कुठे इमारत उठायची असली की आधी जाऊन त्या जमिनीत काय काय जगतं ते पाहायचं आणि जागेला शेरा द्यायचा. नियम ऐकायला गोड: जितकी जीवसृष्टी मोडाल, त्याहून जास्त फुलवून द्या. पण दिसतं तसं नसतं, म्हणूनच जग फसतं. बेडूकबाईही फसली.

वडिलांच्या घरामागची पाणथळ विकली गेली आणि पाहणी नेमकी तिच्याच वाट्याला आली. वडील अंथरुणाला खिळलेले, नजर गेलेली. मागच्या खिडकीतून येणाऱ्या आवाजांवर म्हाताऱ्याचा दिवस सरे. पाणकोंबडी ओरडली की म्हणत, "आली बघ भांडखोर!"

"बाबा, मी आहे ना. तिच्यापुरता कोपरा तरी वाचवतेच," तिने शब्द दिला.

त्या शब्दापायी तिने शेरा दिला, 'उत्तम'. खोटा नव्हता, पण 'मध्यम' लिहिलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. तिला वाटलं, शेरा वरचा तर भरपाई मोठी, बिल्डर बांधकाम जरा आवरतं घेईल.

करायला गेली एक, झालं भलतंच. मध्यम जागेची भरपाई तिथेच, कोपऱ्यात तळं राखून भागली असती. उत्तम जागेची तेवढ्यात भागेना. आणि इथे भागत नसेल तर दुसरीकडे करा, ही सोय नियमातच होती. बिल्डरने कुठल्याशा लांबच्या माळावर तळं करून द्यायचं कबूल केलं आणि इथला कोपराही त्याला मोकळा झाला.

"मॅडम, बरं केलंत," त्याचा इंजिनिअर हसत म्हणाला. "तळं ठेवलं असतं तर पार्किंग अडत होतं."

त्याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. पण दोष त्याचा नव्हता, हेच तर गिळवत नव्हतं.

आठवडाभर मशिनी धडधडल्या, भराव पडला, मग सगळं शांत झालं. संध्याकाळी ती वडिलांना औषध द्यायला गेली.

"त्या मशिनींनी कान गेले गं माझे," ते म्हणाले. "तू बोलतेस ते कळतं, पण बाहेरचं बारीकसारीक काहीच येत नाही."

खरं सांगायला तिने तोंड उघडलं.

"वय झालं, बाबा."

"तुला येतंय ना ऐकू?"

"येतंय."

"मग ती भांडखोर ओरडली की मला सांगत जा."