एकाच ढिगातली सुपारी

दिवेआगरला अंगणात सुपारी वाळत घातली, की तो तुरट वास मला थेट नेपाळच्या हद्दीवर नेऊन उभं करतो. मी बारा वर्षांची होते. ट्रक, सायकलरिक्षा, धूळ आणि रांगेत आम्ही यात्रेकरू. शिपायाने आमची पिशवी न उघडताच आम्हाला पुढे जायला सांगितलं. मागच्या, रोज ये-जा करणाऱ्या बाईचं गाठोडं मात्र रस्त्यावर ओतलं. सुपारी होती. "माल जप्त!" रस्ता तोच, कायदा तोच, न्याय चपला बघून!

आईने देवाला वाहायला आणलेली आमची सुपारी त्याच ढिगावर उपडी केली. "मेरा भी सुपारीच है. करो जप्त!"

मी लाजून तिचा पदर ओढला. "आई, चल ना गं!"

"गप. उभी राहा इथेच."

शिपाई वैतागला. "अपना अलग करो, माताजी."

"मेरे को नहीं आता पहचानने."

मागे हॉर्नचा कल्लोळ झाला. "उठाओ और जाओ, दोनों!" आई खाली बसली आणि मला म्हणाली, "वेचू लाग."

आज मी पत्रकं लिहिते, साहेबांना तोंडावर जाब विचारते. आता कळतं, आमच्या वाडीची सुपारी डोळे झाकून ओळखणारी आई तेव्हा धडधडीत खोटं बोलली. आणि आमचीच पांढरीशुभ्र सुपारी वेचून तिने आधी त्या बाईचं गाठोडं भरलं.