शकूवहिनींचा वाफा आणि आप्पाचे बैल

पोफळी मागे पडली होती, अलोरं यायला अजून तास तरी होता, आणि शकूवहिनी बोलता बोलता दसऱ्यापर्यंत पोचल्या होत्या.

"दसऱ्याला मुळा टाकायचा," त्या म्हणाल्या. "तुळशीचं लग्न लागायच्या आत कोवळाच उपटायचा नि त्याच जागी पावटा टोकायचा. तरच भोगीच्या भाजीत शेंग पडते."

"आणि वांगी?" सुनेत्राबाईंनी विचारलं.

"वांगी चंपाषष्ठीला. चातुर्मासात खायची नाहीत, मग झाडाला तरी उगाच कशाला दमवायचं?"

दर सोमवारी चालत पोफळीला जायचं, महादेवाचं दर्शन घ्यायचं आणि चालतच परत यायचं, हा दोघींचा नेम होता. सुनेत्राबाई अलोऱ्याच्या कॉलनीतल्या प्राथमिक शाळेत शिकवत, पण २००२ सालची मे महिन्याची सुट्टी अजून चार दिवस उरली होती. शकूवहिनी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत. यजमान, गंगाराम, पॉवरहाऊसमध्ये होते. जाताना वहिनी मनातल्या मनात जप करायच्या. येताना मात्र वर्षभराची लागवड तोंडाने चालायची. क्वार्टरमागचा जमिनीचा एक तुकडा, लग्नाचा छोटा मांडव मावेल एवढा. पण त्यात बारा महिने बारा भाज्या, आणि प्रत्येक भाजीचा मुहूर्त कुठल्या तरी सणाला बांधलेला.

"माघात काय?"

"माघात जमिनीला आठ दिवस रजा. नुसतं शेणखत घालून सोडायची. आमच्या ह्यांना मिळते तशी, भरपगारी."

सुनेत्राबाई हसल्या.

"हसा. तुमच्या परसात रान मात्र बारमाही हो. त्याला काही आखावं लागत नाही."

हा टोमणा दर सोमवारी ठरलेला होता. बाईंना पावट्याचा वेल आणि घेवड्याचा वेल यांतला फरक अजून कळत नव्हता, आणि तो शिकायची त्यांची तयारीही नव्हती.

गावातल्या आप्पांच्या घरावरून जाताना वहिनी थबकल्या. गोठा रिकामा.

"आज सोमवार. सोमवारी आप्पा बैल जुंपत नाही. गेले कुठं?"

"चरायला गेले असतील."

"असतील," वहिनी म्हणाल्या आणि कंबरेवर हात ठेवून पुढे चालू लागल्या. फाल्गुनात पाण्याची कळशी उचलताना त्यांची कंबर धरली होती. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून वहिनी पाटावर बसून, पाट पुढं सरकवत सरकवत खणायच्या.

"पण सगळ्यात आधी ऋषींची भाजी," त्या म्हणाल्या. "उद्यापासून खणायला घेते. तेरा आठवडे आहेत."

कॉलनीत शकूवहिनींचा मान होता तो ह्या ऋषींमुळे. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी, ऋषिपंचमीला, बायका बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. माणसाच्या हाताने खणलेल्या जमिनीतलीच भाजी चालते. बाजारातल्या भेंडीला कोण विचारणार, की बाई गं, तुझ्या मुळाशी नांगर गेला होता का? शकूवहिनींचा वाफा मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कुदळीने खणलेला. अळू, माठ, पडवळ, दोडका, चवळीच्या शेंगा. कॉलनीतल्या बायका पहाटे अंघोळ करून टोपल्या घेऊन त्यांच्या मागच्या दारी यायच्या, आणि वहिनी देवाचा प्रसाद वाटावा तशी मूठमूठ वाटायच्या. अकरा वर्षांत एकीलाही रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं.

कॉलनीच्या वळणावर आप्पा समोरून आले. पुढे दोन बैल, खुरांना ओली लाल माती.

"वहिनी, एकदम लोण्यासारखी केलीय," आप्पा म्हणाले आणि हसत निघून गेले.

शकूवहिनींची चाल वाढली.

मागच्या दारी गंगाराम उभे होते. सेकंड शिफ्ट असल्यामुळे अजून लुंगीवरच. समोर सगळा वाफा या टोकापासून त्या टोकापर्यंत नांगरलेला, वर ढेकळं फोडायला फळीसुद्धा फिरवलेली. बैल आत आणायला गडग्याच्या बुटक्या भिंतीतले चार चिरे काढून बाजूला रचले होते.

"सकाळी तुला सावकाश ये म्हटलं ना, ते ह्याच्यासाठी," ते म्हणाले. "आता पाटबिट काही नको. दोन रविवार बसून आप्पाचा पंप दुरुस्त करून दिला, त्याच्या बदल्यात सोमवार असूनही बैल. आणि हे बघ, अळवाचे कांदे वर आले ते वेचून ठेवलेत घमेल्यात. वाया नाही घालवले."

सुनेत्राबाईंनी वहिनींकडे बघायचं टाळलं. एकवीस वर्षांचा संसार, पण गंगारामना ऋषींचा हा नियम माहीत नव्हता. फोडणी नसलेली ती भाजी शिजायला लागली की ते शेजारी पत्ते खेळायला जात.

वहिनींनी खाली वाकल्यासारखं करून मातीचं एक ढेकूळ उचललं. ते हातातच भुगा झालं.

"चांगली झालीय," त्या म्हणाल्या. "अगदी लोण्यासारखी. तुम्ही जेवून घ्या, गाडी चुकेल."

गंगाराम खुशीत जेवले, आणि शीळ घालत शिफ्टच्या गाडीला गेले.

"सांगायचं होतंत," बाई हळूच म्हणाल्या.

"काय सांगू? एकवीस वर्षांत पहिल्यांदा माणसाने माझी कंबर बघितली. त्याला सांगू, की तुम्ही बाटवलीत जमीन?" त्यांनी पदराने हात पुसले. "दसऱ्याचा मुळा उत्तम येईल हिच्यात. वांगी तर विचारू नका. फक्त ऋषी गेले."

"कुंड्यांत लावलं तर?"

"कुंडीत कितीजणींचं पडवळ लावू? एवढ्या बायकांच्या टोपल्या आहेत, बाई. एकीला दिलं नि दुसरीला नाही, असं त्या दिवशी नाही चालत."

दोघी ओट्यावर बसल्या. वहिनींनी चहा केला, पण स्वतःचा प्यायल्या नाहीत. त्या गडग्यापलीकडे बघत होत्या. पलीकडे सुनेत्राबाईंचं परसू होतं. टाकळा आणि गवत कमरेएवढं नसलं तरी गुडघ्याच्या वर होतं, आणि मध्ये एक फुटकी बादली.

"बाई, तुमच्याकडे कधी बैल शिरला होता?"

"मीच शिरले नाही कधी, बैल कुठला शिरायला?"

"म्हणजे जमीन कोरी."

सुनेत्राबाईंनी कप खाली ठेवला. मुलांच्या वह्यांतल्या ओळी सोडून त्यांनी कधी काही सरळ केलं नव्हतं. वहिनी उठल्या, दाराआडची कुदळ घेऊन आल्या आणि ती बाईंच्या मांडीवर आडवी ठेवली. दांडा घासून घासून गुळगुळीत झाला होता.

"जमीन तुमची द्या नि हातही तुमचेच द्या," त्या म्हणाल्या. "मी ह्या ओट्यावर बसून सांगेन कुठं खणायचं नि किती. आणि आमच्या ह्यांनी विचारलं तर सांगा, यंदा तुम्हालाच हौस आली म्हणून. एवढं कराल ना, बाई?"